बळ कमवायचं, मग खर्चायचं कुठे?

वर्धा शहराला खेटून असलेल्या मेघे गावांत शेत कुठे संपतं आणि ले-आउट कुठे सुरू होतं, हे बाहेरून आलेल्याला कळत नाही. सावंगी, सिंदी, बोरगाव, पिपरी. प्रत्येकाच्या नावामागे कंसात मेघे. पिपरी (मेघे) जनगणनेत शहरांच्या यादीत बसतं, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. अशा वस्त्यांत किराणा, मोबाइल दुरुस्ती आणि कोचिंग क्लासच्या जोडीला गेल्या काही वर्षांत जिम आली. भिंतभर आरसा, दणदणीत गाणी, लोखंडी प्लेटा आणि मन लावून घाम गाळणारे पोट्टे. त्यांची थट्टा करायला हा लेख लिहिलेला नाही. पानठेल्यावर उभं राहण्यापेक्षा बेंच प्रेस कधीही बरा. पण त्यांच्यातल्या एखाद्याला विचारा, "भाऊ, जिमशिवाय काय करतोस?" उत्तर बहुधा एकच येतं : "काही नाही काका, जिमच." छाती रुंदावते, दंड भरतात, आणि ते बळ उरलेला दिवस दुचाकीच्या सीटवर नाहीतर मोबाइलसमोर बसून असतं.

महाराष्ट्रातल्या जुन्या व्यायामशाळांत असं होत नसे. त्याचा सर्वांत चांगला दाखला वर्ध्याहून रेल्वेने दोन तासांच्या आत गाठता येतो. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी, अंबादासपंत आणि अनंतराव यांनी, 1914 साली सुरू केलं. तिथे जोर, बैठका, मुद्गल होतेच. शिवाय मल्लखांब, लाठी, लेझीम, कुस्ती आणि मैदानी खेळही होते. क्रांतिकारक राजगुरूही काही काळ तिथे व्यायाम शिकले. 1936 साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाचं पथक जर्मनीला गेलं आणि तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं झाली. वऱ्हाडातल्या मुलांनी तिकडे दंडाचा घेर मोजून दाखवला नाही, कबड्डी खेळून दाखवली. माझ्या मते मंडळाच्या इतिहासातली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच आहे.

बडोद्याला प्रा. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचं वळणही असंच होतं. माणिकराव स्वतः शरीर घडवणारे, तसेच मोडलेलं हाड बसवण्यात निष्णात. बळाचा अभ्यास करणाऱ्याला शरीराच्या दुखण्याचीही जाण हवी, असा तो काळ होता. त्याच बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड संपादित केले.

मल्लखांबाची गोष्ट तर या विषयासाठी मुद्दाम घडल्यासारखी आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी तो रुजवला, तो मल्लांची पकड, कंबर आणि लवचीकता तयार व्हावी म्हणून. म्हणजे मूळचा तो कुस्तीच्या जोडीचा व्यायाम. पुढे या जोडव्यायामाने स्वतःचं घर केलं. 2019 च्या फेब्रुवारीत दादरच्या शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, आणि तो लोकांपर्यंत नेण्यात हयात घालवलेल्या उदय देशपांडे यांना 2024 साली पद्मश्री मिळाली. आज मल्लखांबाला कुस्तीचा आधार लागत नाही. लेझीमचंही तसंच. लोखंडी साखळीचं जड धनुष्य ओढण्याचा तो व्यायाम, हलक्या झांजा लागून शाळेच्या मैदानावर आणि मिरवणुकीत आला. पंधरा ऑगस्टला लेझीम खेळणाऱ्या मुलीला आपण आखाड्यातला व्यायाम करतोय हे ठाऊकही नसतं.

कोल्हापूरला गेलं तर आणखी गंमत. तिथल्या पेठांमध्ये तालमी आहेत : पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. नाव तालमीचं, पण शहरात त्यांची ओळख आज फुटबॉल संघ म्हणून. राजर्षी शाहूंच्या खासबाग मैदानात कुस्ती आणि शाहू स्टेडियमवर तालीम मंडळांचे फुटबॉल सामने, अशी या शहराची दोन मैदानं. पेठेतला माणूस सामन्याच्या दिवशी कामधंदा सोडून आपल्या तालमीमागे उभा राहतो. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच जिल्ह्याचा. लाल मातीतून हिरवळीवर जाताना कोल्हापूरकरांनी तालमीची पाटी बदलली नाही, हे मला फार आवडतं.

बळाच्या जोडीला घ्यायचा छंद म्हणजे खेळच असंही नाही. अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे हे घोड्यावरच्या कसरतींचे उस्ताद, 1880 साली भारतातली पहिली सर्कस उभी करणारे. आणि हाच माणूस ग्वाल्हेरला हद्दूखाँसाहेबांकडे गाणं शिकलेला. पुढे खाँसाहेबांचे चिरंजीव रहिमतखाँ यांना त्यांनी आपल्या सर्कशीबरोबर सांभाळलं. दिवसा घोड्यांचं रिंगण आणि रात्री ख्याल. आजच्या जिममधल्या गाण्यांचा आवाज ऐकला की मला विष्णुपंत आठवतात. पण तो माझा खाजगी त्रास आहे.

आता घरचाच दाखला. पिपरीहून पवनार काही फार लांब नाही. 1938 साली विनोबांची प्रकृती इतकी ढासळली होती की वजन 88 पौंडांवर आलं. गांधीजींनी हवापालट सुचवला. विनोबा थंड हवेच्या ठिकाणी न जाता पवनारला, धाम नदीच्या काठच्या जमनालाल बजाजांच्या बंगल्यात गेले. तिथे त्यांनी औषधाऐवजी कुदळ घेतली. पहिल्या दिवशी अगदी काही मिनिटं खणायचं, मग रोज थोडं वाढवायचं, असं करत ते तासांवर गेले. दहा महिन्यांत वजन चाळीस पौंडांनी वाढलं. जिममधला प्रशिक्षक दर आठवड्याला बारवर थोडं वजन वाढवायला सांगतो, त्यामागचं शास्त्र हेच. फरक इतकाच की विनोबांच्या खणण्यातून जमीन तयार होत होती, आणि त्या जमिनीतून भरत-राम भेटीचं जुनं शिल्पही वर आलं. पुढे 1951 पासून याच शरीराने भूदानासाठी वर्षानुवर्षं पायी देश पालथा घातला.

इथे एक सावधगिरी हवी. अंगमेहनतीचं कौतुक करताना आपण पटकन भाबडे होतो. ऐन दिवाळीत आमच्या भागात कापसाची वेचणी चालू असते. कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकलेल्या बाईला कुणी "तुमचा व्यायाम छान होतो" म्हणू नये. तो व्यायामही नाही आणि छंद तर मुळीच नाही. तिने तो निवडलेला नाही. विनोबांनी कुदळ निवडली होती. छंदाची सगळी गोडी या निवडण्यात आहे.

आता जिममधल्या मुलांचा नेहमीचा आक्षेप : धावलो, खेळलो तर मसल जाईल. हा आक्षेप पोकळ नाही. अमेरिकेत सेंट लुइसच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट हिक्सन नावाचा संशोधक स्वतः वजनं उचलणारा होता. तिथले ज्येष्ठ संशोधक जॉन हॉलोझी रोज धावायचे, त्यांच्याबरोबर हाही धावू लागला आणि आपलं अंग उतरतंय असं त्याच्या लक्षात आलं. त्यावर त्याने रीतसर प्रयोग केला, तो 1980 साली प्रसिद्ध झाला. दहा आठवड्यांच्या त्या प्रयोगात एक गट आठवड्यात पाच दिवस वजनं उचलत होता, दुसरा सहा दिवस दमसासाचा व्यायाम करत होता, तिसरा दोन्ही. तिसऱ्या गटाची ताकद सुरुवातीला वाढली, शेवटच्या आठवड्यांत थांबली आणि थोडी घसरली. पण त्या गटावरचा भार पाहा : दोन्ही मिळून आठवड्याला अकरा सत्रं, तीही कसून. पुढच्या अभ्यासांतून दिसलं की खेळ मध्यम प्रमाणात असेल, पुरेसं खाणं आणि झोप असेल, तर ही अडचण किरकोळ राहते. रविवारी सकाळी तासभर बॅडमिंटन खेळल्याने कुणाचे दंड वितळत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीतही दोन्ही गोष्टी एकत्रच आहेत : आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम.

व्यवहारात सांभाळायचं ते थोडंच. पायांचा जड व्यायाम केल्याच्या दुसऱ्या दिवशी फुटबॉल किंवा कबड्डी खेळू नका. थकलेली मांडी अचानक ताणली की मागचा स्नायू धरतो आणि महिनाभर घरी बसवतो. जिममधली हालचाल ठरलेल्या रेषेत, ठरलेल्या गतीने होते. खेळात समोरचा गडी रेषा ठरवतो. म्हणून शंभर किलो घेऊन बैठक मारणाऱ्याचाही खो-खोत पहिल्या दिवशी घोटा मुरगळतो. त्याच्यात ताकद असते, वळण नसतं. आणि विदर्भाचा उन्हाळा विसरू नका. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा मैदान पहाटेचं. सकाळी आठनंतर सावली गाठावी.

मग वर्ध्याच्या आसपास जोडीला काय घ्यावं? माझी आवड आधी सांगतो : पक्षी. हसू नका. 2018 साली वर्धेकरांनी मतदान करून नीलपंखाला शहरपक्षी निवडलं. बहार नेचर फाउंडेशनने ती निवडणूक घेतली होती. पहाटे दुर्बीण घेऊन हनुमान टेकडीवर किंवा धामच्या काठाने चालणाऱ्याची दीड-दोन तासांची चाल कशी होते, हे त्यालाही कळत नाही. सायकल असेल तर सेवाग्राम आणि पवनार आहेत. देशातल्या सर्वांत छोट्या व्याघ्रप्रकल्पांत गणला जाणारा बोर याच जिल्ह्यात आहे. तिथल्या वाटा मात्र सफारीच्या, तेव्हा व्यायामाचा हट्ट बाहेरच ठेवा. नवरात्रातला गरबा हा नऊ रात्रींचा दमसास आहे, आणि गणपतीत कमरेला ढोल बांधून तासन्‌तास वाजवणारा पोरगा खांदे व पाठ कमावतोच, फक्त कानांची काळजी घ्यावी. रात्रीच्या टेनिस बॉल क्रिकेटबद्दल मी साशंक आहे. त्यात गोलंदाज आणि दोन फलंदाज सोडले तर बाकीचे उभं राहण्याचा सराव करतात.

मुलींचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. वर्ध्यात 1936 च्या विजयादशमीला लक्ष्मीबाई केळकरांनी राष्ट्र सेविका समिती सुरू केली, तेव्हा मुलींचं शारीरिक शिक्षण तिच्या कार्यक्रमात होतं. मतभेद काहीही असोत, त्या काळात ही मोठी गोष्ट होती. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात पुरुषांबरोबर भारताच्या महिला संघानेही विजेतेपद मिळवलं. तरीही आमच्या ले-आउटमध्ये संध्याकाळी मैदानावर मुलगे दिसतात आणि मुली कट्ट्यावर. जिममध्ये मुलींसाठी वेगळी वेळ ठेवतात, मैदानावर ती कुणी ठेवत नाही.

हे सगळं शेवटी जागेपाशी येऊन थांबतं. मंजूर ले-आउटमध्ये मोकळी जागा सोडावी लागते. कुठे तिथे मंदिर उभं राहतं, कुठे गाजर गवत, कुठे रंगीत नळ्यांची खुली व्यायामशाळा, जिच्यावर लहान मुलं झोके घेतात. पुरुषांच्या कबड्डीला 13 बाय 10 मीटर जागा पुरते, महिलांच्या 12 बाय 8. खो-खोला 27 बाय 16. मल्लखांबाला सागाचा नाहीतर शिसवीचा एक खांब आणि थोडं एरंडेल. सागाची आपल्याकडे काय वाण? पिपरी (मेघे) आणि शेजारच्या ग्रामपंचायतींनी पुढच्या ग्रामसभेत एवढाच विषय घ्यावा : कोणत्या ले-आउटची मोकळी जागा खेळासाठी राखायची आणि तिथे मुलींची वेळ कोणती. ग्रामसभेला जिममधल्या पोट्ट्यांनीही यावं. सतरंज्या उचलायला ताकदीची माणसं लागतातच.