परवलीचा शब्द

गडाचा दरवाजा रात्री बंद झाला, की बाहेरून येणाऱ्यास पहारेकरी परवलीचा शब्द विचारीत असे. या रीतीत एक उणीव होती. शब्द मोठ्याने उच्चारला, की अंधारात दडलेल्या शत्रूच्याही तो कानी पडे. बिनतारी यंत्रांपुढे हीच अडचण उभी राहते. कारण त्यांच्या लहरी चोहोकडे पसरतात आणि भिंतीपलीकडील परक्या यंत्रालाही त्या टिपता येतात.

रास्पबेरी पाय हा पत्त्याच्या पानाएवढा संगणक २०१२ साली इंग्लंडमध्ये निघाला. तो लिनक्स या प्रणालीवर चालतो. शेतातील ओलावा मोजणे, दारावरील कॅमेरा सांभाळणे, अशी कामे तो एकटाच करीत राहतो. जवळ राखण करावयास कोणी नसते. म्हणूनच त्याचे निरोप परक्यापासून सुरक्षित राहिले पाहिजेत.

ती तजवीज अशी करतात. वायफायच्या जाळ्याचे नाव व परवलीचा शब्द या दोन गोष्टी संगणकातील एका फाइलीत लिहून ठेवतात. ही फाइल इतरांस वाचता येऊ नये, अशी लिनक्सला आज्ञा देतात. शब्द ८ ते ६३ अक्षरांचा असावा लागतो. नाव व शब्द ४०९६ वेळा एकत्र घोटून संगणक त्यांतून एक गुप्त किल्ली तयार करतो. जाळे चालविणाऱ्या राउटरजवळही तीच किल्ली असते.

मग राउटर एक मनास येईल ती संख्या पाठवितो. संगणक आपली दुसरी संख्या पाठवितो. या संख्या गुप्त किल्लीत मिसळून दोघेही आपापल्या ठिकाणी एकच नवी किल्ली बनवितात आणि ती जुळल्याची खूण परस्परांस पटवितात. पुढचा सारा मजकूर या नव्या किल्लीने कूटलिपीत बदलला जातो. परवलीचा शब्द मात्र हवेत एकदाही उच्चारला जात नाही!

२००४ सालच्या या पद्धतीस डब्ल्यूपीए-२ म्हणतात. तिच्यातही २०१७ साली एक उणीव आढळली; प्रणालीत सुधारणा करून ती दूर करण्यात आली. म्हणून प्रणाली वेळोवेळी अद्ययावत ठेवावी लागते.

तरीही एक धोका उरतो. चोर हवेतील त्या खुणा टिपून घेतो आणि घरी बसून लक्षावधी शब्द ताडून पाहतो. ‘१२३४५६७८’ यासारखा शब्द त्यास क्षणात सापडतो. लांब व अनपेक्षित शब्दापुढे मात्र तो हात टेकतो. यंत्र गुपित राखते खरे. परंतु राखण्याजोगे गुपित निवडणे हे माणसाचेच काम होय.