गाडी फास्ट की ड्रायव्हर? : मामाच्या फोनवरून सुरू झालेला एपिसोड

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा लेखी भाग.

सुरुवात कोल्हापूरच्या मामाच्या फोनने झाली. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक आहे, कृष्णराज महाडिकसारखा तिथला पोरगा ब्रिटनच्या फॉर्म्युला ३ पर्यंत गेलाय. त्यामुळे माझ्या तेरा वर्षांच्या मामेभावालाही कार्टिंगचं वेड. मामा म्हणाला, "तू डेटावाला हैस न्हवं? सांग बघू, पोरात दम हाय का? का नुसता पैसा घालायचा?"

प्रश्न साधा वाटतो, पण हाच प्रश्न फॉर्म्युला १ वाले सत्तर वर्षं सोडवतायत. कोण भारी, फँजिओ की हॅमिल्टन?

पहिला मोह म्हणजे आकडे लावणं. हॅमिल्टनचे १०५ विजय, फँजिओचे फक्त २४. झालं? नाही ना. फँजिओ ५१ रेसच धावला, म्हणजे जवळपास निम्म्या जिंकला. १९५० च्या सीझनमध्ये ७ रेस होत्या, २०२४ मध्ये २४. पॉइंट्सचंही तेच. तेव्हा विजयाला ८ मिळायचे, २०१० पासून २५ मिळतात.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. नारायण कार्तिकेयनने २००५ च्या अमेरिकन ग्रांप्रीत चौथा नंबर काढून ५ पॉइंट्स मिळवले. ऐकायला जबरदस्त! पण त्या दिवशी टायरच्या भानगडीमुळे मिशेलिनवाल्या १४ गाड्या बाहेर पडल्या आणि सहाच गाड्या धावल्या. आकडा खरा आहे, पण त्यामागची गोष्ट तो सांगत नाही.

मग करायचं काय? एकाच टीमच्या दोन ड्रायव्हर्सची तुलना. गाडी जवळपास सारखी, म्हणजे उरलेला फरक माणसाचा. आणि टीममेट बदलत जातात, म्हणून साखळी तयार होते. लाउडाचा टीममेट प्रोस्ट, प्रोस्टचा सेना, सेनाचा हक्किनेन, मग कुलथार्ड, रायकोनेन, व्हेटेल, लक्लेर आणि २०२५ ला फेरारीत हॅमिल्टन. आमच्या भाषेत सांगायचं तर हा एक ग्राफ. ड्रायव्हर म्हणजे नोड, टीममेटचं नातं म्हणजे एज.

पण एक बग आहे. २०११ च्या इंडियन ग्रांप्रीत ग्रेटर नोएडाला कार्तिकेयन १७ वा आला, त्याचा टीममेट रिकार्डो १८ वा. २०१४ ला रेड बुलमध्ये त्याच रिकार्डोने व्हेटेलला मागे टाकलं. म्हणजे कार्तिकेयन व्हेटेलपेक्षा भारी? अहो, नोएडाची ती रेस व्हेटेलनेच जिंकली होती! एका रेसच्या कडीवर साखळी टांगली की असं होतं. शिवाय दोघांपैकी एक नवखा, दुसरा उतरणीला, असंही असतं. म्हणून कडी जितक्या जास्त रेसची, तितकं तिला वजन द्यायचं.

शेफिल्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये हे नीट मांडलं. त्यांच्या हिशेबात फँजिओ पहिला आला. पण माझ्या डोक्यात दुसरीच गोष्ट राहिली. ड्रायव्हर आणि टीम मिळून जो फरक पडतो, त्यात साधारण ८६ टक्के वाटा टीमचा. पावसात आणि शहरातल्या रस्त्यांवर मात्र ड्रायव्हरचा वाटा वाढतो.

आता हे आपल्याकडे लावा. मुंबईच्या जेहान दारूवालाने २०२० ला साखीरला फॉर्म्युला २ ची रेस जिंकली, असं करणारा तो पहिला भारतीय. तरी एफ-वनची रेस त्याला मिळाली नाही. म्हणून तो कार्तिकेयनपेक्षा कमी? नाही सांगता येत. दोघं कधी सारख्या गाडीत बसलेच नाहीत. २०१६ पासून सुपर लायसन्सला ४० पॉइंट्स लागतात, कार्तिकेयनच्या वेळी ती अट नव्हती. आणि आपल्या पुण्याच्या डायना पंडोले २०२४ ला एमआरएफ सलून गटात जिंकून राष्ट्रीय कार रेसिंग विजेतेपद मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. त्याआधीच्या पिढ्यांत तशा बायका नव्हत्या, की त्यांना स्टिअरिंगच मिळालं नाही? जो गाडीत बसलाच नाही, त्याचा डेटा कुठल्याच मॉडेलमध्ये नसतो.

मामाला मी एवढंच सांगितलं. बक्षिसं मोजू नकोस. त्याच्यापेक्षा फास्ट पोरगा शोध. दोघांना दोन कार्ट दे, दहा लॅपनंतर कार्ट बदल, पुन्हा दहा. वजन सारखं कर. एकदा नाही, पाच-सहा वेगवेगळ्या दिवशी कर. जमलं तर पावसातही. फरक कार्टबरोबर गेला तर कार्टचा, पोराबरोबर राहिला तर पोराचा.

मामा थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "आणि फरक पोराबरोबर ऱ्हायला, पण उलट्या बाजूनं, तर?"

"तर त्याला दोन वर्षं दे मामा. तेरा वर्षांचाय तो."

पहिली टेस्ट या रविवारी आहे. लॅप टाइम्सची शीट मीच बनवून दिलीय. काय होतं ते पुढच्या एपिसोडमध्ये!