गाळातलं घड्याळ

डिसेंबर १९७६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन यांचा लेख छापून आला आणि हिमयुगांबद्दलचा जुना वाद बराचसा निकालात निघाला. पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांमुळे बर्फ वाढतो-घटतो, असं सर्बियाचे मिलुतिन मिलांकोविच आयुष्यभर आकडेमोड करून सांगत आले होते. पटलं फार थोड्यांना. या तिघांनी दक्षिण हिंदी महासागराच्या तळातून काढलेल्या गाळाच्या दोन नळकांड्यांत साधारण एक लाख, बेचाळीस हजार, तेवीस हजार आणि एकोणीस हजार वर्षांची आवर्तनं दाखवली.

आज मागे पाहताना नवल वाटतं ते त्या गाळात काही वाचता आलं याचंच.

नोंद ठेवतात ते फोरॅमिनिफेरा, वाळूच्या कणाएवढ्या कवचाचे जीव. कवचातल्या जड ऑक्सिजनचं प्रमाण पाणी थंड झालं की वाढतं, जमिनीवर बर्फ साठला तरीही वाढतं. १९५५ मध्ये एमिलियानी या संशोधकाने हा चढउतार मुख्यतः तापमानाचा मानला. शॅकल्टन यांनी १९६७ मध्ये तळाशी राहणाऱ्या जातींकडे लक्ष वेधलं. तिथलं पाणी आधीच गोठायच्या बेतात, आणखी थंड होऊन होणार किती? तरी चढउतार जवळपास तेवढाच. म्हणजे मोजला जात होता तो प्रामुख्याने बर्फ.

आता एक नळकांडं जवळून पाहू. पश्चिम प्रशांत महासागरातलं ‘व्ही २८-२३८’. त्यात पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव शेवटचे उलटले ती खूण बारा मीटर खोलीवर सापडली. तेव्हाच्या हिशेबाने तिचं वय सात लाख वर्षं, म्हणजे हजार वर्षांत जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर गाळ. पण तळावरचे किडे वरचा सुमारे दहा सेंटिमीटरचा थर सतत उकरत असतात. सहा हजार वर्षांची जणू भेळच! लाख वर्षांचं आवर्तन यातून तगतं. वीस हजारांचं मात्र बोथट होतं, शिखरं खुजी दिसतात. त्यात एखादी जात हिमकाळात मुबलक आणि नंतर दुर्मीळ असेल, तर वर ढकललेली तिची जुनी कवचंच पुढच्या थरात जास्त भरतात आणि बदल उशिरा झाल्यासारखा वाटतो. खोल पाण्यात पातळ कवचं विरघळून जातात ते वेगळंच. शिवाय दट्ट्याच्या नळीने गाळ ओढताना वरचा भाग ताणला जातो, तो दोष तर सरळ आपलाच.

अशा गाळात खोलीवरून नेमकं वय ठरत नाही, म्हणून त्याची कालगणना कक्षेच्या गणिताशी जुळवून घ्यायची प्रथा पडली. इथे शंका रास्त आहे: कक्षेला जुळवलेल्या गाळात कक्षेचीच आवर्तनं सापडली, तर त्यात सिद्ध काय झालं? माझ्या मते या शंकेला सर्वांत चोख उत्तर १९९० मध्ये मिळालं. शॅकल्टन आणि सहकाऱ्यांनी पूर्व प्रशांत महासागरातल्या ‘६७७’ क्रमांकाच्या विवरातला गाळ असाच जुळवला, तेव्हा ध्रुव उलटल्याचं वय ७,८०,००० वर्षं निघालं. लाव्हाच्या कालमापनातून तेव्हा मान्य असलेलं वय होतं ७,३०,०००. समुद्राच्या चिखलावरून खडकाचं वय चुकलंय म्हणायचं, हे धाडसच. पुढे लाव्हाचं आर्गॉन पद्धतीने नव्याने मोजमाप झालं आणि चिखल बरोबर ठरला.

किडे आणि ताण यांचा हिशेब मांडता येतो. दरड कोसळली तर मात्र पानंच्या पानं जातात. २०१५ मध्ये ‘जॉइडिस रिझोल्यूशन’ हे जहाज हिमालयाची झीज आणि मान्सूनचा इतिहास शोधायला अरबी समुद्रात, आपल्या किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर पश्चिमेला लक्ष्मी खोऱ्यात उतरलं. एका विवरात त्यांना तीनशे मीटरहून जाड, मुख्यतः दोन टप्प्यांत घसरून आलेला ढिगारा लागला. सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वी भारताच्या पश्चिम उताराचा तुकडा सुटून तिथे येऊन पडला होता. त्याला नाव मिळालं नटराज. त्या ढिगाऱ्यात जुने जीवाश्म खालीवर मिसळलेले आहेत. त्या खोलीवर आवर्तनं मोजण्याचा प्रश्नच येत नाही.