देवाचं म्हणणं कळतं कसं?

मैत्रिणींनो, आपल्या बायकांची एक गंमत आहे. घरात काही चांगलं झालं की ते घरच्यांच्या हुशारीनं, आणि वाईट झालं की ‘देवाची मर्जी’! पण देवावर भरवसा टाकणं म्हणजे हात जोडून गप्प बसणं, असं थोडंच आहे? मी ख्रिस्ती नाही. तरी या प्रश्नावर मला सगळ्यात जास्त शिकवलं ते पंडिता रमाबाईंनी.

रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. शास्त्रीबुवांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं, त्या काळात! हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराण सांगत देशभर फिरलं. होतं नव्हतं ते दानधर्मात गेलं. देव काहीतरी करील अशी वाट बघता बघता दुष्काळानं गाठलं. १८७४च्या सुमारास आई, वडील आणि थोरली बहीण उपासमारीनं गेली. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, आणि १८८२मध्ये नवराही वारला. वय पुरतं चोवीसही नव्हतं. एवढं सोसलेल्या बाईनं ‘देव काळजी घेतो’ म्हणावं, म्हणजे ते उगीच तोंडदेखलं नसणार.

१८८३मध्ये इंग्लंडला असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण गंमत बघा, तिथल्या मठातल्या वडीलधाऱ्या बायका सांगतील ते सगळं त्यांनी मानलं नाही. पत्रांतून चांगलेच वाद घातले. दुसऱ्यानं देवाचं नाव घेऊन सांगितलं म्हणून ते देवाचं म्हणणं होत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मला त्यांची ही बाजू फार आवडते.

हे मी मुद्दाम लिहितेय. आमच्या शिंदखेड्यात बचत गटाच्या मीटिंगनंतर एक बाई मागे थांबली. नवरा जाऊन सहा महिने झालेले. दीर हक्कसोडपत्रावर सही मागत होता. वर एका भगतानं सांगितलेलं, “देवाची हीच इच्छा आहे.” ती मला म्हणाली, “ताई, देव माले काय सांगी ऱ्हायना हाई कसं समजी?” काय उत्तर देणार? मी तिला रमाबाईंची गोष्ट सांगितली.

१८८९मध्ये रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षं खर्च द्यायचं कबूल केलं होतं. पण १८९३मध्ये सदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात म्हणून गदारोळ झाला. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार समितीतून बाहेर पडली, पालकांनी मुली काढून नेल्या. (पालकांचं सगळंच चुकलं असं मी म्हणणार नाही. आपली पोर दुसऱ्या धर्माकडे वळेल ही भीती आईबापांना वाटणारच.)

मग १८९६चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या बातम्या आल्या आणि रमाबाईंना आपले दिवस आठवले. हाताशी ठरलेला पैसा होता तो मोजक्या मुलींपुरता. ब्रिस्टॉलला जॉर्ज म्युलर यांनी कुणापुढे हात न पसरता, फक्त प्रार्थनेवर हजारो अनाथ मुलं सांभाळली, ते त्यांनी वाचलं होतं. त्यांनी प्रार्थना केली आणि थेट दुष्काळी भागात गेल्या. शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग. एवढ्या मुली शहरात ठेवायला सरकारी माणसं तयार होईनात. दुसरी कुणी म्हणाली असती, देवाला मंजूर नाही! पण सदनाला फळबागेचं उत्पन्न मिळावं म्हणून केडगावला जमीन घेऊन ठेवली होती. सगळ्यांना तिकडे नेलं. तेच मुक्ती सदन.

म्हणजे त्यांची रीत काय? आधी प्रार्थना आणि वाचन. मग डोळ्यासमोर कोण भुकेलं आहे ते बघणं. मग आपल्याजवळ काय आहे ते चाचपणं. हे तिन्ही एका दिशेला बोट दाखवू लागले की निघायचं, पैशांची थैली भरायची वाट बघायची नाही. आणि निघाल्यावर काम मात्र ढोर मेहनतीचं! केडगावला विहिरी खणल्या, शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, सगळं बायकांनी चालवलं. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली माणसं दोन हजारांच्या घरात गेली होती. रोजच्या भाकरीचा हिशोब तुम्हीच करून बघा!

आमच्या त्या बाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, सातबारा कुठे मिळतो? आम्ही तलाठ्याकडे गेलो. नवऱ्यामागे बायको-मुलांना वारस हक्क असतो, हे तिला तिथं कळलं. सही तिनं केलेली नाही. दीर बोलत नाही, सासूही रुसलीय. रोज संध्याकाळी दिवा लावून ती थोडा वेळ बसते. काय मागते ते मी विचारत नाही.

रमाबाईंना शेवटही सोपा मिळाला नाही. १९२१मध्ये एकुलती एक मनोरमा गेली. ज्या लेकीच्या हाती सगळं सोपवायचं तीच गेली! तब्येत खालावलेली, कानांनी ऐकू येत नव्हतं. तरी हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत बायबल आणायचं काम त्यांनी सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ला त्या वारल्या. ते भाषांतर केडगावच्या बायकांनीच छापलं, १९२४मध्ये ते पूर्ण बाहेर आलं.