पांढरी चादर, एक दिवा आणि पतंगांची रात्र

"किडे गोळा करायचा छंद लावून घ्यायचाय, सुरुवात कुठून करू?" हा प्रश्न मला पावसाळा आला की हमखास येतो. तर आज त्याच्यावरच बोलू.

माझी सुरुवात ताम्हिणीजवळ झाली, जूनच्या शेवटी. मित्राच्या अंगणात दोरी बांधली, चिमटे लावून पांढरी चादर टांगली, समोर दिवा. अर्ध्या तासात चादर पतंगांनी भरली! भरपूर फोटो काढले आणि दिवा तसाच ठेवून झोपलो. सकाळी बघतो तर बुलबुल आणि कोतवाल चादरीवर ताव मारतायत. खाली नुसते पंख. त्यात एका ॲटलास पतंगाचेही, तळहाताएवढे.

आता ॲटलासचं ऐका. मोठा झाल्यावर त्याला खाता येईल असं तोंडच नसतं. अळी असताना जे खाल्लं, त्यावर जेमतेम आठवडा-दोन आठवडे काढायचे आणि तेवढ्यात जोडीदार गाठायचा. त्यातली एक रात्र मी खाल्ली होती, आणि शेवटी जीवही.

बरं, पतंग दिव्यावर येतो तो प्रेमापोटी नाही, ते शायरीत ठीक आहे. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात हाय-स्पीड कॅमेऱ्यांनी दिसलं की उडणारे कीटक पाठ उजेडाकडे ठेवतात. एरवी उजेड आकाशाकडून येतो, म्हणून हे चालून जातं. आपला दिवा शेजारी असला की बिचारे कलंडत त्याच्याभोवतीच फिरत राहतात. म्हणजे अडकतात.

म्हणून आता माझा दिवा अकराला बंद. मग चादर झुडपांजवळ नेऊन हलकेच झटकायची. रात्र अमावस्येच्या आसपासची, दमट, वारा नसलेली निवडा. मे-जूनमध्ये काजवे असतील तिथे मात्र दिवा लावूच नका, त्यांचे इशारे एकमेकांना दिसत नाहीत.

टाचणी लावून डबीत ठेवायचं का? मी ठेवत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कितीतरी फुलपाखरं संरक्षित आहेत आणि अभयारण्यात परवानगीशिवाय काहीच पकडता येत नाही. 2008 मध्ये दार्जिलिंगजवळ सिंगालिला राष्ट्रीय उद्यानात कीटक गोळा करणाऱ्या दोन चेक नागरिकांना अटक झाली होती.

माझी डबी म्हणजे फोन. लोकेशन चालू, एक फोटो वरून, एक बाजूने, शेजारी आलेख कागदाचा तुकडा, म्हणजे आकार कळतो. मग आयनॅचरलिस्टवर टाकायचा. तारीख आणि जागा नसेल तर तो फोटो नुसता वॉलपेपर.

आणि हो, नारिंगी-काळा, मुंगीसारखा लांबट किडा अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकर मारा. चिरडला की कातडीवर भाजल्यासारखे चट्टे उठतात. अनुभवाने सांगतोय.

चादर जुनीच घ्या. आमच्याकडे आईने ती ताम्हिणीची चादर परत पलंगावर घालू दिलेली नाही.