घर घेताना (भाग सातवा) : समुद्र नसलेल्या शहरातल्या रेषा

मागच्या भागात आपण किनाऱ्यावर होतो. मुंबई, रत्नागिरी, मालवण अशा ठिकाणी घर पाहताना भरतीरेषा का विचारायची, त्या रेषेपासून जमिनीच्या बाजूला ५०० मीटरपर्यंत सागरी नियमन क्षेत्राचे नियम कसे लागतात, हे पाहिलं. विदर्भातला वाचक म्हणेल, आम्हाला त्याचं काय? चंद्रपुरात ना भरती ना ओहोटी. खरं आहे. पण रेषा चंद्रपुरातही आहेत, आणि मोजायला बसलं तर किनाऱ्यापेक्षा जास्तच भरतील. पुराची निळी रेषा, लाल रेषा, परकोटापासूनची, म्हणजे शहराच्या जुन्या तटबंदीपासूनची शंभर मीटरची रेषा, खाणीच्या हद्दीची रेषा, जंगलाची रेषा. यातली एकही प्लॉटवर उभं राहून दिसत नाही. एजंट सांगतो ते रस्ता किती फुटी आहे आणि बसस्टँड किती मिनिटांवर आहे एवढंच.

आधी पाण्याचं बोलू, कारण चंद्रपुरात बाकी सगळं त्यानंतर येतं.

जुनं चंद्रपूर दोन नद्यांच्या बेचक्यात वसलं आहे. पश्चिमेला इरई, पूर्व-दक्षिणेला झरपट. शहराच्या खालच्या अंगाला झरपट इरईला मिळते आणि इरई पुढे वर्धेला. शहराच्या वर, उत्तरेला, इरई धरण. महाऔष्णिक विद्युत केंद्राला पाणी मिळावं म्हणून बांधलेलं, पण शहराची तहानही तेच भागवतं. पावसाळ्यात धरण भरलं की दरवाजे उघडतात आणि पाणी शहराच्या पश्चिम कडेनं खाली येतं. एवढ्यानं पूर येतोच असं नाही. खरी अडचण त्याच वेळी वर्धा दुथडी असली तर होते. वर्धेची पातळी वर असली की इरईला वाट मिळत नाही, पाणी मागे फुगत जातं, आणि पाऊस थांबून ऊन पडलेलं असताना वस्तीत शिरतं. बाहेरून बदलीवर आलेल्या माणसाला हे कळत नाही. आभाळ मोकळं झालं म्हणून तो निर्धास्त झोपतो आणि पहाटे दारात पाणी.

त्यात नदीचं पात्रही पूर्वीचं राहिलेलं नाही. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, म्हणजे वेकोलिच्या, खाणींतून निघालेल्या मातीचे डोंगर इरईच्या काठाला लागून उभे आहेत. दर पावसाळ्यात त्यातली माती पात्रात उतरते. पात्र उथळ झालं की तेवढंच पाणी जास्त पसरणार, याला इंजिनिअर लागत नाही.

२००६, २०१३ आणि २०२२ ही तीन सालं चंद्रपुरात घर घेणाऱ्यानं पाठ करावीत. २०२२ च्या जुलैत रहमतनगर, सिस्टर कॉलनी, बिनबा गेटकडचा भाग अशा वस्त्यांत पाणी शिरलं आणि लोकांना शाळांमध्ये हलवावं लागलं. पठाणपुरा गेटकडेही पुराचं पाणी नवं नाही.

आता निळी रेषा म्हणजे काय ते. पंचवीस वर्षांतून सरासरी एकदा येऊ शकेल एवढा पूर, किंवा नदीपात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट पाणी, यांपैकी जे जास्त असेल ते जिथवर पोचेल ती निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची हद्द म्हणजे लाल रेषा. नदी ते निळी रेषा या पट्ट्यात घर बांधायला परवानगी मिळत नाही. बाग, पार्किंग, उघडा भाजीबाजार अशा गोष्टींना मिळते. निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यात बांधता येतं, पण राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे बांधकाम लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे साधारण दीड फूट, वर हवं.

'पंचवीस वर्षांतून एकदा' हे शब्द फसवे आहेत. मागचा पूर २०२२ ला आला, आता २०४७ पर्यंत चिंता नाही, असा हिशेब लोक खरंच करतात. त्याचा अर्थ एवढाच की दरवर्षी असा पूर येण्याची शक्यता शंभरात चार. तुमचं गृहकर्ज वीस वर्षांचं असेल, तर हप्ते फिटेपर्यंत तो पूर निदान एकदा येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, सुमारे ५६ टक्के, निघते. लाल रेषेच्या पुराचीही त्याच वीस वर्षांत १८ टक्के. इतकी जोखीम असलेल्या बँकेत तुम्ही ठेव ठेवाल का?

निळ्या रेषेतले प्लॉट तरीही विकले जातात, कारण ते स्वस्त असतात. नोटरीवर, स्टॅम्प पेपरवर, रजिस्ट्रीशिवाय. घेणारा रोजंदारीवरचा असतो, त्याला दुसरीकडे परवडत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण ज्याच्या हातात बँकेचं कर्ज आहे आणि निवड करायची मुभा आहे, त्यानं केवळ दोन लाख वाचतात म्हणून तिथे जाऊ नये.

रेषा नकाशावर पाहायची ती महापालिकेच्या नगररचना विभागात. सर्व्हे नंबर घेऊन जा, झोन दाखला आणि भाग नकाशा मागा, पूररेषा त्यावर दाखवून घ्या. पण कागदाआधी वस्तीत फिरा. 'इथे पाणी येतं का?' असं विचारलंत तर घरं विकायला काढलेल्या गल्लीत सगळे 'नाही जी' म्हणतील. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा, 'भाऊ, बावीसच्या पुरात माल कुठे हलवला होता?' पाणी आलं नसेल तर तो तुमच्याकडे नुसता पाहत राहील. आलं असेल तर गव्हाची पोती कोणाच्या स्लॅबवर नेली, फ्रीज कसा गेला, पंचनाम्याला तलाठी कधी आले, सगळं सांगेल.

घरात शिरलात की भिंती बघा. विजेचे बोर्ड छातीइतक्या उंचीवर घेतलेले, फ्रीज आणि कुलर विटांच्या ओट्यावर, कपाटाचे खालचे कप्पे रिकामे, जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच प्लास्टर नव्यानं केलेलं किंवा तेवढ्याच भागाला टाइल्स. मालक म्हणेल, टाइल्स शोभेला लावल्या. बेडरूमच्या चारही भिंतींना कमरेएवढ्या टाइल्स शोभेला कोणी लावत नाही. शेजारचं नवं घर रस्त्यापासून चार फूट उंच जोत्यावर का बांधलंय, तेही बघून घ्या.

नदीचा पूर आणि पावसाचं तुंबलेलं पाणी हे दोन वेगळे प्रकार. दुसरा नदीपासून लांब, ऐन बाजारातही होतो. २०२३ च्या जुलैत एका दिवसाच्या पावसानं मध्यवस्तीतले रस्ते पाण्याखाली गेले होते. पण ते पाणी काही तासांत उतरतं. नाली मोठी आहे का, तिच्यावर कोणी दुकान टाकलंय का, एवढं बघा आणि पुढे चला.

पुराला भिऊन परकोटाच्या आत, उंचावरच्या जुन्या वस्तीत घर घ्यावं, असं मनात येईल. गोंडराजांनी बांधलेली ही भिंत अकरा किलोमीटरच्या आसपास आहे. जटपुरा, अंचलेश्वर, बिनबा आणि पठाणपुरा हे चार दरवाजे आणि पाच खिडक्या. इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी २०१७ पासून खपून ती साफ केली तेव्हा कित्येक चंद्रपूरकरांनी ती पहिल्यांदा धड पाहिली. पण भिंत संरक्षित स्मारक आहे. २०१० मध्ये दुरुस्त झालेल्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यानं संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच बांधता येतं. जुनं मातीचं घर घ्यायचं, पाडायचं आणि तीन मजले चढवायचे, असा बेत शंभर मीटरच्या आत चालणार नाही. डागडुजीलाही मंजुरी लागते. वारसा जपायलाच हवा. पण त्याची किंमत भिंतीलगतचा सामान्य माणूस एकटा मोजतो, हेही तितकंच खरं. तुम्हाला आहे त्याच घरात राहायचं असेल तर ही वस्ती उत्तम: बाजार पायाखाली, शेजार जुना. वाढवायचं असेल तर हात आखडता घ्या.

आता जमिनीखाली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूरजवळच्या घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहतं घर पाहता पाहता जमिनीत गेलं. माणसं वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. खाली इंग्रजांच्या काळातली भूमिगत खाण होती. आसपासच्या कुटुंबांना मग दुसरीकडे हलवावं लागलं. चंद्रपूर शहराच्या कडेलाही महाकाली, रय्यतवारी, लालपेठ या जुन्या कोळसा खाणी आहेत. वेकोलिच्या क्वार्टरांजवळच्या खासगी वस्तीत घर पाहत असाल तर खाली खाणकाम झालंय का, हे वेकोलिच्या क्षेत्रीय कार्यालयाला लेखी विचारा. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

गावाकडच्या बाजूला प्लॉट असेल तर आणखी एक तपास करा. कोळसाधारक क्षेत्र कायदा, १९५७ खाली त्या सर्व्हे नंबरची अधिसूचना निघाली आहे का? अंतिम घोषणा झाली की जमीन केंद्र सरकारकडे जाते. त्यानंतरही शेतकऱ्याच्या नावाचा सातबारा हातात धरून सौदे करणारे दलाल भेटतात.

उघड्या खाणीजवळची गोष्ट वेगळी. दुर्गापूरकडे ब्लास्टिंगची वेळ विचारा आणि बरोबर त्याच वेळी घरात जाऊन बसा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या निघालेल्या भेगा दिसल्या तर त्या पुट्टीनं बुजवलेल्या आहेत का बघा. धुळीसाठी गच्चीवर बोट फिरवणं पुरे. हवेचे आकडे हवेच असतील तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची शहरातली आणि खुटाळा एमआयडीसीतली केंद्रं आहेत, त्यांची नोंद रोज पाहता येते. उन्हाळ्याची नाही, हिवाळ्याची पाहा. थंडीत धूळ खालीच राहते. २००९ च्या केंद्रीय यादीत चंद्रपूर देशातल्या सर्वांत प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत चौथं होतं, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. तुमच्या गल्लीत कोळशाचे ट्रक किती वाजता आणि किती जातात, हे मात्र उभं राहूनच कळेल.

जंगलाची रेषा एजंट उलट विकतो. 'ताडोबाच्या वाटेवर', 'निसर्गाच्या कुशीत'. पण २०२२ च्या फेब्रुवारीत वीज केंद्राच्या आवारात वाघानं एका कामगाराला मारलं, आणि त्याच सुमारास दुर्गापुरात बिबट्यानं एका मुलाला नेलं. बिबट माणसासाठी येत नाही, तो मोकाट कुत्र्या-डुकरांमागे येतो. म्हणून ऊर्जानगर, दुर्गापूर, लोहारा, जुनोना रस्ता अशा कडेच्या वस्तीत घर पाहताना कचराकुंडी कुठे आहे, डुकरं किती आहेत, पथदिवे रात्री लागतात का, हे बागेपेक्षा आणि व्ह्यूपेक्षा आधी बघा. लहान मुलं असतील तर झुडपं साफ नसलेल्या मोकळ्या प्लॉटला लागून घर घेऊच नका, हे माझं ठाम मत आहे. ताडोबाच्या भोवतालच्या संवेदनशील क्षेत्रात फार्महाऊसच्या नावानं प्लॉट विकले जातात, तिथे अकृषक परवानगी मिळेल की नाही याची खात्री विकणारा देत नाही.

गडचिरोलीत प्रश्न पुन्हा बदलतो. शहर लहान, सभोवार जंगल, आणि नोकरदार वर्ग कॉम्प्लेक्स, चामोर्शी रोड, धानोरा रोड अशा मोजक्या ठिकाणीच घर शोधतो. जमीन थोडी म्हणून भाव चढे, आणि भाव चढे म्हणून घाई. घाईत दोन कागद सुटतात.

पहिला, जमीन मुळात आदिवासी खातेदाराची आहे का. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, आणि त्याआधी राज्य शासनाची मान्यता लागते. ती नसेल तर व्यवहार टिकत नाही. दोन खरेदीखतं मागे जाऊनही हे निघू शकतं. म्हणून फक्त आजचा सातबारा नाही, जुने फेरफार काढा. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-२ लिहिलं असेल तर तिथेच थांबून वकिलाकडे जा.

दुसरा, झुडपी जंगल. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत महसुली नोंदीत अशा नावाची हजारो हेक्टर जमीन आहे. त्यातल्या पुष्कळ जमिनीवर झाडही नाही, घरं आणि कचेऱ्या आहेत. २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ही जमीन वनजमीनच ठरवली. १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वापराला नियमित करण्याची वाट ठेवली, त्यानंतरच्या वापरासाठी अटी कडक केल्या. आज जर कोणी अशा जमिनीवरचा नवा प्लॉट 'नियमित होऊन जाईल' म्हणत दाखवत असेल, तर तलाठ्याकडून जुना अधिकार अभिलेख आणि निस्तार पत्रक मागवा. स्मशान, गुरचरण, रस्ता, झुडपी, सगळं त्यात लिहिलेलं सापडतं.

भामरागडसारख्या ठिकाणी तर घर घेण्यापेक्षा भाड्यानं राहणंच शहाणपणाचं. पर्लकोटा नदीचा पूर गावाची वाट तोडतो, बाजारात पाणी चढतं. २०१९ च्या पावसाळ्यात ते एकामागून एक कितीदा तरी झालं. तिथले व्यापारी माल वरच्या मजल्यावर ठेवायची सोय करूनच दुकान बांधतात.

इसार देण्याआधी एवढं करा: पावसाळ्यात एकदा, रात्री एकदा आणि ब्लास्टिंगच्या वेळी एकदा त्या वस्तीत जाऊन या. झोन दाखला, जुने फेरफार आणि परकोटाजवळ असाल तर पुरातत्त्वचं नाहरकत पत्र हातात आल्याशिवाय रक्कम देऊ नका. विकणारा म्हणेल, उद्या दुसरा गिऱ्हाईक येतोय. येऊ द्या.

पुढच्या आठवड्यात : पाचशे चौरस मीटरच्या वरचे लेआऊट, महारेरा नोंदणी आणि गुंठेवारीचे प्लॉट.