चांदीची कीर्ती आणि हातातला फोन

खामगावला रजतनगरी म्हणतात. ही ख्याती कुणा जाहिरात कंपनीने मिळवून दिलेली नाही. घेतलेली चांदी चोख निघाली म्हणून गिऱ्हाइकांनीच ती गावोगाव नेली. १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या हस्ते जलंब-खामगाव रेल्वे सुरू झाली, ती इथल्या कापसासाठी. बाजाराला वाट लागतेच. आज ती फोनमधूनही जाते.

या वाटेचे भाडे फारसे नाही. गूगलच्या नकाशावर दुकानाचे नाव, वेळ, छायाचित्रे नोंदवायला पैसे पडत नाहीत. २०१८ मध्ये आलेल्या व्हॉट्सॲप बिझनेसवर मालाची यादी किमतीसह मांडता येते. पापड-लोणची विकणाऱ्या गृहिणीलाही ते जमते.

मग पैसे देऊन जाहिरात करावी का? करावी; पण आधी आसपासच्या गावांपुरती, थोड्या रकमेची, आणि तिच्यामुळे किती गिऱ्हाइके आली ते वहीत मांडून. ‘हजारोंनी पाहिले’ हा आकडा जमेत धरू नये. जमेत धरायची ती विक्री. उभी हयात बँकेत गेली, म्हणून सांगतो : कर्ज काढून प्रसिद्धी विकत घेऊ नये.

फोन गिऱ्हाइकाला एकदा दुकानाच्या पायरीपर्यंत आणील. दुसऱ्यांदा त्याला आणायचे, ते चोख मालानेच.